पेल एल नितळ करायची, पण हॉप्सचा वास राखून

हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या हॉप वेलीच्या फुलांचा, भरपूर वास असलेली पेल एल ही फिकट रंगाची बिअर घरी करणं फारसं कठीण नाही. कठीण आहे ती नितळ करणं. ज्या हॉप्समुळे या बिअरला संत्र्याच्या सालीचा, ग्रेपफ्रूटचा, पाइनचा वास येतो, तेच हॉप्स तिला गढूळ करणारी द्रव्यंही सोबत घेऊन येतात. "बिअर साफ व्हायला शेवटी काय टाकायचं?" हा प्रश्न या छंदातला जवळपास प्रत्येक नवा माणूस विचारतो, आणि त्याला एकच एक उत्तर नाही. यीस्ट तरंगत असेल तर उपाय वेगळा, प्रथिनं असतील तर वेगळा, आणि स्टार्च उरला असेल तर शेवटी काहीही टाकून उपयोग होत नाही. शिवाय हॉप्सच्या बिअरमध्ये काही उपायांची थोडी किंमत वासात मोजावी लागते. म्हणून आधी काय तरंगतंय ते ओळखायचं आणि मग सगळ्यात कमी नुकसान करणारा इलाज निवडायचा.

या बिअरची आजची ओळख अमेरिकेत घडली. कॅस्केड ही हॉप्सची जात ओरेगनमध्ये विकसित होऊन १९७२ साली शेतकऱ्यांसाठी खुली झाली. घरी बिअर करायला तिथल्या केंद्रीय कायद्याने १९७९ पासून मोकळीक दिली, आणि १९८० साली कॅलिफोर्नियातल्या चिको गावात सिएरा नेवाडा या तेव्हा अगदी लहान असलेल्या ब्रुअरीने कॅस्केडचा ठळक वास असलेली पेल एल काढली. ती बाटलीतच यीस्टने फसफसवलेली होती, म्हणजे तळाशी साका असायचा; तरी जपून ओतली की ग्लासात लखलखीत दिसायची. पुढे अमेरिकेतल्याच व्हरमाँट राज्याकडून मुद्दाम धूसर ठेवलेल्या आयपीएची, म्हणजे आणखी जास्त हॉप्सच्या पेल एलची, लाट आली. त्या बिअरमध्ये ओट्स आणि गहू घालतात आणि हॉप्सचा मारा प्रचंड असतो. ती धूसरता ठरवून आणलेली असते. आपल्या पेल एलमध्ये न ठरवता आलेला गढूळपणा बहुतेक वेळा यीस्टचा असतो, आणि तो चवीलाही लागतो: जिभेवर पिठूळ थर बसतो, कडूपणा खरखरीत होतो आणि हॉप्सचा वास त्याच्या मागे दबतो. नितळपणासाठी एवढी खटपट करायची ती प्रामुख्याने या चवीसाठी. (घरी बिअर करायला आपल्याकडच्या कायद्यात परवानगी आहे का, ते मात्र सुरुवात करण्याआधी पाहून घ्या.)

तरंगतंय काय?

बिअर धूसर दिसते कारण तिच्यातले कण प्रकाश विखुरतात. यीस्टची पेशी साधारण ५ ते १० मायक्रॉनची असते. ती जड आहे, वेळ दिला की खाली बसते. खरा चिवट प्रकार आहे थंड केल्यावर येणारी धूसरता, जिला ब्रुअर मंडळी चिल हेझ म्हणतात. बार्लीत काही प्रथिनं अशी असतात ज्यांच्या साखळीत प्रोलीन हे अमिनो आम्ल जागोजागी येतं. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) सालीतून आणि हॉप्सच्या फुलांतून पॉलिफेनॉल ही तुरट द्रव्यं येतात. ही पॉलिफेनॉल प्रोलीनच्या जागा पकडतात आणि दोन प्रथिनांच्या मध्ये पूल बांधतात. बंध नाजूक असतो. बिअर थंड झाली की जुळतो, कोमट झाली की सुटतो. कोरा कडक चहा फ्रिजमध्ये गढुळतो आणि गरम केला की पुन्हा स्वच्छ होतो, तशातलाच हा प्रकार. पण बिअर पुन्हा पुन्हा थंड-गरम होत राहिली, किंवा तिच्यात हवा शिरून पॉलिफेनॉलचं ऑक्सिडीकरण झालं, तर हे बंध पक्के होतात आणि मग धूसरता कोमट केल्यावरही जात नाही.

हे कण एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून लहान असतात, आणि त्यांना खाली बसवणं इतकं अवघड का, याचं उत्तर स्टोक्सच्या नियमात आहे. द्रवात कण किती वेगाने खाली जाईल हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. व्यास दुप्पट झाला की वेग चौपट होतो. बाकी सगळं सारखं धरलं तर ५ मायक्रॉनच्या पेशीला खाली जायला एक दिवस लागत असेल तर अर्ध्या मायक्रॉनच्या कणाला शंभर दिवस लागतील. बिअर नितळ करण्याच्या जवळपास सगळ्या युक्त्या इथे येऊन मिळतात: लहान कण एकमेकांना चिकटवायचे, म्हणजे ते आपोआप खाली जातात.

ओळखण्याची सोपी पद्धत अशी. थंड बिअर ग्लासात ओता आणि टेबलावर तशीच राहू द्या. साधारण २० अंशांपर्यंत कोमट होता होता ती स्वच्छ झाली, तर ती चिल हेझ. नाही झाली, तर एक बाटली उभी ठेवून आठवडाभर फ्रिजमध्ये राहू द्या. वरून खाली हळूहळू निवळत गेली आणि तळाशी पांढुरका थर आला, तर यीस्ट होतं. काहीच फरक पडला नाही, तर चमचाभर बिअर पांढऱ्या बशीत घेऊन तिच्यात आयोडीनचा थेंब टाका. निळसर-काळा रंग आला तर स्टार्च उरलाय. (ते आयोडीन पिण्याच्या बिअरमध्ये परत टाकायचं नाही, हे सांगायला नको.) आणि बिअर आंबट किंवा औषधासारखी लागत असेल, बाटली उघडताच फेस उसळून बाहेर येत असेल, तर संसर्गाची शंका घ्यावी. त्यावर निवळण्याचे उपाय करत बसू नये. भांडी आणि नळ्या खोलून धुवाव्यात.

उकळण्याच्या दिवशी

नितळपणाचं निम्मं काम किण्वन सुरू होण्याआधीच होतं. एक साधी कृती समोर ठेवू. वीस लिटरसाठी ४.३ किलो पेल माल्ट आणि पाव किलो फिकट क्रिस्टल माल्ट. यातून सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर जितकी जास्त तितकी ती जास्त) १.०५० च्या आसपास येते. शेवटी ती १.०११ पर्यंत उतरली की अल्कोहोल साधारण ५ टक्के. गहू आणि ओट्स टाळा, कारण त्यांतून जादा प्रथिनं येतात आणि नितळ पेल एलला त्यांची गरज नाही.

मॅश, म्हणजे भरडलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६६ ते ६७ अंश सेल्सिअसला तासभर. पीएच ५.२ ते ५.६ मध्ये असावा. स्टार्चची साखर नीट झाली की स्टार्चच्या धूसरतेचा विषय तिथेच संपतो. माल्टमधली उरलेली साखर धुऊन काढण्याचं पाणी ७६-७७ अंशांच्या वर नेऊ नका आणि शेवटचे शेवटचे लिटर पिळून काढायचा मोह आवरा. गरम पाणी आणि चढलेला पीएच हे दोन्ही एकत्र आले की सालीतून पॉलिफेनॉल भरभरून उतरतात. पाण्यात लिटरमागे निदान ५० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल असं पाहा. जिप्सम घातलं तर कॅल्शियमबरोबर सल्फेटही येतं आणि हॉप्सचा कडूपणा कोरडा, टोकदार लागतो. पेल एलला तेच हवं असतं. कॅल्शियम यीस्टच्या वेळी पुन्हा कामाला येणार आहे.

मग उकळी. ती तासभर खळखळती हवी, नुसतं मंद वाफाळणं पुरत नाही. उकळताना प्रथिनं उलगडतात, गोळा होतात आणि त्यांचे गठ्ठे बनतात. हा हॉट ब्रेक. पळीभर वॉर्ट (माल्टमधून निघालेला गोड काढा) काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरा. सुरुवातीला सगळं सारखंच धुरकट दिसतं. काही वेळाने त्याच पेल्यात फिकट पिवळसर तुकडे गोल फिरताना दिसतात आणि दोन तुकड्यांच्या मधला द्रव आरपार दिसतो. हे दिसलं की काम झालं.

उकळीची शेवटची पंधरा मिनिटं राहिली की आयरिश मॉस घाला, साधारण चहाचा एक चमचा. किंवा व्हर्लफ्लॉकची अर्धी गोळी. दोन्हींतलं काम करणारं द्रव्य एकच, समुद्री शेवाळातून मिळणारं कॅरागिनन. त्यावर ऋण विद्युतभार असतो. वॉर्टमधल्या धन भाराच्या प्रथिनांना ते ओढून घेतं आणि वॉर्ट थंड होताना मोठाले पुंजके बनवतं. जास्त घातलं म्हणून जास्त फायदा होत नाही. उलट भुसभुशीत, हलका साका बनतो आणि त्यात बरीच बिअर वाया जाते. माझ्या मते घरच्या ब्रुअरने एकच निवळणारं द्रव्य वापरायचं ठरवलं तर ते हेच असावं: शाकाहारी आहे, स्वस्त आहे आणि किण्वन संपत आल्यावर घालायचे सुगंधी ड्राय हॉप्स पडण्याच्या कितीतरी आधी आपलं काम उरकतं.

हॉप्सचं गणित थोडक्यात: कडूपणासाठी १२ टक्के अल्फा आम्ल (हॉप्समधलं कडूपणा देणारं द्रव्य) असलेले मॅग्नम जातीचे हॉप्स १५ ग्रॅम पूर्ण तासभर, शेवटच्या दहा मिनिटांना ३० ग्रॅम कॅस्केड, आणि आच बंद करून वॉर्ट ८० अंशांवर आल्यावर आणखी ४० ग्रॅम, वीस मिनिटं. कडूपणा कमी वजनाच्या, जास्त अल्फाच्या हॉप्समधून काढण्यात फायदा आहे. हॉप्सचा चोथा कमी म्हणजे पॉलिफेनॉलही कमी.

नंतर तांब्याच्या कॉइलने वॉर्ट झटपट थंड करायचा. या वेळी बारीक प्रथिनांचा दुसरा लोट खाली बसतो, तो कोल्ड ब्रेक. त्याला वीसेक मिनिटं बसू द्या आणि वरचा स्वच्छ वॉर्ट फर्मेंटरमध्ये, म्हणजे किण्वनाच्या भांड्यात, घ्या. थोडा साका सोबत गेला तर बिघडत नाही.

यीस्ट कधी खाली बसतं

यीस्टच्या पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं असतात, जी शेजारच्या पेशीवरची मॅनोज नावाची शर्करा पकडू शकतात. पेशी अशा एकमेकींना धरत गेल्या की त्यांचे गठ्ठे होतात आणि तळ गाठतात. या पकडीला कॅल्शियम लागतं. म्हणून मघाशी पाण्याचा विषय काढला. पण वॉर्टमध्ये साखर शिल्लक असेपर्यंत या प्रथिनांच्या जागा साखरेनेच अडवलेल्या असतात, त्यामुळे पेशी सुट्या राहतात. आपल्या दृष्टीने हे सोयीचंच आहे: काम संपेपर्यंत यीस्ट तरंगत राहतं आणि संपल्यावर बसतं. किण्वन रेंगाळलं, यीस्ट कमी पडलं किंवा ते जुनं, अशक्त असलं तर बिअर निवळायलाही रेंगाळते. गढूळपणावर उपाय शोधताना आधी शेवटची ग्रॅव्हिटी तपासावी, ती यासाठी.

जातीजातीत फरक खूप आहे. इंग्लिश एलच्या काही जाती इतक्या घट्ट बसतात की फर्मेंटर हलवला तरी थर जागचा हलत नाही. अमेरिकन पेल एलचं नेहमीचं यीस्ट, सुक्या पुडीत यूएस-०५ म्हणून मिळणारं, चवीला अगदी स्वच्छ पण बसायला आळशी. वीस लिटरला त्याची साडेअकरा ग्रॅमची एक पुडी पुरते, १८ ते २० अंशांना. घाई असेल तर नॉटिंगहॅम जात पटकन निवळते आणि चवीत फारसा हस्तक्षेप करत नाही.

ड्राय हॉपिंग: वासाचा आणि धूसरतेचा उगम

किण्वन संपत आल्यावर, न तापवलेल्या बिअरमध्ये हॉप्स घालणं म्हणजे ड्राय हॉपिंग. उष्णता नसल्याने सुगंधी तेलं उडून जात नाहीत. पण उकळीत ज्या पॉलिफेनॉलचा निचरा होतो, ती इथे थेट बिअरमध्ये उतरतात आणि उरलेल्या प्रथिनांना जाऊन भेटतात. थोडी धूसरता येणारच. ती किती येईल हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट प्रमाणाची. लिटरमागे ४ ग्रॅम, म्हणजे वीस लिटरला ८० ग्रॅम, एवढ्यात पेल एलला भरगच्च वास येतो. ते दुप्पट केल्याने वास दुप्पट होत नाही, गवताळपणा आणि गढूळपणा मात्र वाढतो. दुसरी गोष्ट वेळेची. गोळीच्या स्वरूपातले हॉप्स बहुतेक तेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सोडतात, म्हणून दोन-तीन दिवस पुरे. आठवडाभर ठेवून हाती लागतात ती मुख्यतः पॉलिफेनॉल. तिसरी गोष्ट, हॉप्स टाकण्याआधी यीस्टला जरा बसू द्यावं. तरंगणाऱ्या पेशींवर हॉप्सची द्रव्यं चिकटतात आणि त्यांच्यासोबत तळाला जातात. वास मग साक्यात जमा होतो.

आता एक धोका, जो बाटलीत भरणाऱ्याने समजून घ्यायलाच हवा. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम असतात आणि ती यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनचे तुकडे करून पचणारी साखर बनवतात. संपलेलं किण्वन पुन्हा हळूहळू सुरू होतं. याला आज हॉप क्रीप म्हणतात, पण निरीक्षण जुनं आहे: इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३ साली ड्राय हॉपिंगच्या या परिणामावर लिहिलं होतं. आपल्यासाठी याचा अर्थ असा, की हॉप्स टाकण्याआधी ग्रॅव्हिटी स्थिर होती म्हणून आता बाटल्या भरायला हरकत नाही, हा तर्क चुकीचा आहे. हॉप्स पडल्यानंतर, बिअर १८-२० अंशांना असताना, दोन-तीन दिवसांच्या अंतराने ग्रॅव्हिटी पुन्हा मोजा. ती उतरत असेल तर थांबा. नाहीतर बाटलीत दाब वाढत जातो आणि काच फुटते. ती कोणाच्याही चेहऱ्याजवळ फुटू शकते. याच दुसऱ्या किण्वनात डायसेटिलही बनतं, ज्याला लोण्यासारखा वास येतो. पेलाभर बिअर झाकून वीसेक मिनिटं ६०-६५ अंशांच्या गरम पाण्यात ठेवा, मग गार करून हुंगा. लोण्याचा वास आला तर बिअर आणखी काही दिवस यीस्टवर राहू दे.

थंडी, आणि मग गरज पडली तर जिलेटिन

ग्रॅव्हिटी थांबली की फर्मेंटर ० ते ३ अंशांना नेऊन तीन-चार दिवस ठेवायचा. थंड द्रव घट्ट होतो, शून्याजवळ पाण्याची चिकटपणाची मात्रा २० अंशांच्या तुलनेत पावणेदोन पट असते, म्हणजे खरं तर कण खाली जायला जास्त वेळ लागायला हवा. पण थंडीत यीस्टचे गठ्ठे होतात, चिल हेझचे कण जुळून वाढतात, आणि आकाराचा फायदा घट्टपणाच्या तोट्याला मागे टाकतो. थंडीने वासाचं जवळपास काहीच नुकसान होत नाही, म्हणून ती नेहमी पहिली.

एका गोष्टीकडे लक्ष हवं. बिअर थंड होताना वरचा वायू आकसतो, शिवाय कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये विरघळतो, त्यामुळे एअरलॉकमधून (फर्मेंटरच्या झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) बाहेरची हवा आत ओढली जाते. हॉप्सच्या वासाचा ऑक्सिजनइतका मोठा शत्रू नाही. सोनेरी बिअर मळकट तांबूस होत जाते, ताजा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा गोडसर, शिळा होतो, आणि वर सांगितल्याप्रमाणे धूसरताही पक्की होते. शक्य असेल तर एअरलॉकच्या जागी किण्वनाच्या काळातच भरून ठेवलेली कार्बन डायऑक्साइडची पिशवी जोडा. ते जमत नसेल तर थंड करण्याचे दिवस कमीत कमी ठेवा आणि झाकण उघडून पाहायचं टाळा.

एवढं करूनही बिअर धूसरच राहिली तर जिलेटिन. बिअरच्या पीएचला त्यावर धन भार असतो, यीस्टवर ऋण, म्हणून दोघं चिकटतात. पॉलिफेनॉल-प्रथिनांच्या कणांनाही ते सोबत घेऊन जातं. बिनचवीच्या जिलेटिनचा अर्धा ते एक चहाचा चमचा सुमारे शंभर मिलिलिटर गार पाण्यात दहा मिनिटं फुगू द्या. मग ढवळत ६५-७० अंशांपर्यंत गरम करा. उकळू नका, उकळीने त्याच्या साखळ्या तुटतात. ते पाणी आधीच थंड झालेल्या बिअरमध्ये हलकेच ओता. बिअर आधी थंड हवी, कारण चिल हेझचे कण थंडीतच तयार होतात. कोमट बिअरमध्ये जिलेटिनला पकडायला ते कण नसतातच. दोन दिवसांनी नळातून पेलाभर काढून पाहा. बहुतेक वेळा तेवढ्यात फरक दिसतो.

जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं आणि आयसिंग्लास हे तसंच दुसरं निवळणारं द्रव्य माशांच्या वाताशयापासून. बिअर कोणा शाकाहारी माणसाला देणार असाल तर हे सांगायलाच हवं. पर्याय आहेत. पीव्हीपीपी हे कृत्रिम पावडरीसारखं द्रव्य आहे. त्याची रचना प्रोलीनशी इतकी मिळतीजुळती आहे की पॉलिफेनॉल प्रथिनांऐवजी त्यालाच जाऊन चिकटतात. मात्र ते बिअरमध्ये राहू द्यायचं नसतं, खाली बसवून बिअर वरून काढून घ्यावी लागते. मला स्वतःला हॉप्सच्या बिअरसाठी क्लॅरिटी फर्म हे एन्झाइम जास्त पटतं. ते यीस्टसोबतच घालतात आणि ते प्रथिनांची साखळी नेमकी प्रोलीनपाशी तोडतं, त्यामुळे पुढे पॉलिफेनॉलना पकडायला जागाच उरत नाही. फेसाची प्रथिनं वेगळी असल्याने फेस टिकतो, आणि वासाला धक्का लागत नाही. जिलेटिनने वास थोडा तरी उतरतो. तरंगणाऱ्या यीस्टवर आणि हॉप्सच्या कणांवर जे काही चिकटलेलं असतं, तेही त्याच्यासोबत खाली जातं.

बाटलीत भरताना लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम साखर धरा. जिलेटिन वापरलं असलं तरी वायू तयार करण्याइतकं यीस्ट बिअरमध्ये उरलेलं असतं, फक्त जरा जास्त वेळ लागू शकतो. नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या, शिंतोडे उडवू नका, वरची मोकळी जागा कमीत कमी ठेवा. दोन आठवडे २० अंशांच्या आसपास, त्यानंतर सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये, उभ्या. आडव्या ठेवल्या तर साका बाजूला बसतो आणि ओतताना उठतो. ओतताना एकाच संथ धारेत ओता आणि तळाचं बोटभर सोडून द्या. मध्येच बाटली सरळ केली तर साका वर येतो आणि पुढचा ग्लास गढूळ मिळतो. केगमधून (नळ असलेल्या पिंपातून) काढत असाल तर पहिले एक-दोन पेले गढूळ येतील, कारण नळी तळाच्या साक्यातूनच ओढते. केग मग जागचा हलवू नका.

ही बिअर मुरवत ठेवायची नसते. फ्रिजमध्येही कॅस्केडचा वास काही आठवड्यांत उतरायला लागतो. पंधरा दिवस फ्रिजमध्ये राहूनही ग्लासात पातळशी धूसर छटा उरलीच असेल आणि चव स्वच्छ असेल, तर ती ड्राय हॉप्सची आहे. ती घालवण्यासाठी आणखी महिनाभर थांबू नका, बिअर प्यायला घ्या.